नाटक, मालिका, सिनेमा: पडद्यामागच्या कामात करिअर करायचं आहे, आखणी कशी करू?

विंगेतली
नमस्कार मंडळी. मी सांगलीत बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला आहे, विषय फिजिक्स. पहिल्या वर्षापासून कॉलेजच्या एकांकिकांत आहे, पण स्टेजवर नाही. लाईट ऑपरेट करते आणि पार्श्वसंगीत सोडते. अभिनयाची ओढ मला कधी वाटली नाही. एखादा प्रसंग नटाने उत्तम करावा आणि त्याला नेमक्या क्षणी उजेड मिळावा, यातच मला सगळं मिळतं.

घरी विरोध नाही, काळजी आहे. बाबा एसटीत मेकॅनिक आहेत. त्यांचा प्रश्न साधा आहे: "यात महिन्याला किती मिळतात आणि ते देतं कोण?" मला उत्तर देता आलं नाही. आईला वाटतं मी बीएड करून घ्यावं, मग हवं ते कर.

शिक्षण घ्यावं की थेट कामाला लागावं? प्रकाश धरावा की ध्वनी? नाटक, मालिका, सिनेमा यांतलं काय आधी? मुलगी म्हणून रात्रीच्या कामाचं कसं? ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

कृष्णाकाठ
वाचते आहे. माझी लेक बारावीला आहे आणि तिलाही हेच हवंय. धागा वाहता ठेवा.

निवृत्त_रोखपाल
सांगलीच्या मुलीने हा प्रश्न विचारला याचा आनंद झाला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली 'सीता स्वयंवर' केलं ते तुमच्याच गावी, संस्थानिकांच्या आश्रयाने. तो आश्रय संपल्यावर मंडळी गावोगाव फिरली आणि १८५३ मध्ये मुंबईत तिकीट लावून प्रयोग झाले. तुझ्या बाबांचा प्रश्न मराठी नाटकाला अगदी सुरुवातीपासून आहे, तो विचारला म्हणून त्यांना अरसिक समजू नकोस.

माझं मत स्पष्ट सांगतो. आधी पोटापाण्याची सोय, मग कला. डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, पूर्णवेळ नाटकात आले ते १९६९ साली, वयाची चाळिशी पार केल्यावर. डॉ. मोहन आगाशे मानसोपचारतज्ज्ञ, डॉ. जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ. बीएड केलंस तर काही बिघडत नाही.

रात्रपाळी
मी बरीच वर्षं मराठी मालिकांत सहायक दिग्दर्शक आहे. धागाकर्ती वयाने लहान आहे म्हणून 'तू' म्हणतो.

आधी बाबांच्या प्रश्नाचं उत्तर. मालिकेत पैसे निर्मितीसंस्था देते, कामाप्रमाणे दिवसाच्या शिफ्टवर किंवा महिन्यावर ठरवून. शिफ्ट बारा तासांची, आणि ती लांबते. पैसे ठरले म्हणजे हातात आले असं नाही. या धंद्यात नव्वद दिवसांची उधारी रुळलेली आहे. जूनमध्ये केलेल्या कामाचे पैसे सप्टेंबरअखेर खात्यात दिसतात. मुंबईत पाऊल टाकताना पहिल्या चार महिन्यांचं भाडं, रेल्वेचा पास आणि जेवण यांचे पैसे जवळ हवेत. चांगली चांगली मुलं इथेच गळून पडतात. त्यांना काम येत नाही असं नसतं, चौथा महिना उजाडायच्या आत पैसे संपलेले असतात.

कामाचं स्वरूपही समजून घे. मालिकेत कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे असतात. उद्याचे सीन कधी कधी आज संध्याकाळी येतात. ते आले की कोणता कलाकार किती वाजता, कोणता सीन कोणत्या खोलीत, याची जुळवाजुळव आमच्याकडे. चित्रीकरण गोष्टीच्या क्रमाने होत नाही, जागेच्या क्रमाने होतं. नायिका दारातून आत येते ते सोमवारी घेतलं आणि घरात पाऊल टाकते ते गुरुवारी, तर हातातली पिशवी, बांगड्या, केसातला गजरा सगळं तसंच्या तसं लागतं. ही कंटिन्यूटी ज्याला जमली त्याला काम मिळत राहतं. एपिसोडची बँक, म्हणजे आधी घेऊन ठेवलेले भाग, संपत आली असेल तर सुट्टी विसरायची.

तुझ्या दृष्टीने एक चांगली गोष्ट. सगळं काही गोरेगावच्या चित्रनगरीतच होतं असं आता नाही. ठाण्याला घोडबंदर रोडवर, मढला, मीरा रोड-नायगावच्या बाजूला सेट आहेत. कोल्हापूर, सातारा, वाई, नाशिक इथेही चित्रीकरणं होतात. कोल्हापूरची चित्रनगरी तुझ्या घरापासून तास-दीड तासावर. तिथे एखादं युनिट आलं असेल तेव्हा ओळखीतून दोन दिवस सेटवर उभं राहायला मिळतं का बघ. हे काम आवडतं की त्याची कल्पना आवडते, ते तिथे कळेल.

@निवृत्त_रोखपाल काका, आदर ठेवून सांगतो, नोकरी सांभाळून मालिका जमत नाही. महिन्यातले पंचवीस दिवस जातात.

प्रकाशवाट
रात्रपाळी म्हणतात ते मालिकेबाबत शंभर टक्के खरं, पण नाटकाचं गणित वेगळं आहे, आणि काकांचा मुद्दा नाटकाला लागू पडतो. व्यावसायिक नाटकाचे प्रयोग बहुतेक शनिवारी-रविवारी. म्हणून आमच्यात बँकेतली, महापालिकेतली, शाळेतली माणसं कायम राहिली. ताई, तू नाटक-मालिका-सिनेमा असा क्रम विचारतेस. मी म्हणेन तुझा महिना कसा असावा ते आधी ठरव, क्षेत्र त्यावरून ठरेल. सिनेमात दोन महिने रात्रंदिवस आणि मग कदाचित तीन महिने काहीच नाही. मालिकेत आठवडाभर काम, बाकी आयुष्य बंद. नाटकात शनिवार-रविवार भरलेले, सोमवार ते शुक्रवार तुझे, पण पैसेही तेवढेच.

नाटकात पैसे 'नाईट'वर. प्रयोग झाला तर नाईट, रद्द झाला तर नाही. प्रकाशयोजनाकाराला नाटक उभं करताना एकरकमी मानधन ठरतं, ऑपरेटरला प्रयोगामागे मिळतं. पावसाळ्यात आणि परीक्षांच्या दिवसांत प्रयोग रोडावतात, दिवाळीपासून मे महिन्यापर्यंत बरे चालतात. एका नाटकावर घर चालत नाही. मी दोन-तीन नाटकं धरतो, शिवाय नृत्याचे कार्यक्रम, वाद्यवृंद, कंपन्यांचे सोहळे, डिसेंबर-जानेवारीत शाळांची स्नेहसंमेलनं. स्नेहसंमेलनाला कमी लेखू नकोस. माझं भाडं कित्येकदा त्यावर निघालंय आणि कमी दिव्यांत काम कसं काढायचं हे मी तिथेच शिकलो.

प्रयोगाच्या दिवसाचं सांगतो. नेपथ्याचा टेम्पो आधी पोचतो. सेट उभा राहिल्याशिवाय फोकस करता येत नाही, आणि सेट उभा राहीपर्यंत आपला अर्धा वेळ गेलेला असतो. मग शिडीवर चढून एकेक दिवा, पार असो की स्पॉट, फिरवायचा, खाली नटाच्या जागी कोणाला तरी उभं करायचं, लेव्हल ठरवायची. पहिली घंटा होते तेव्हा तू घामाने भिजलेली असतेस आणि तिसऱ्या घंटेला लाईटच्या बोर्डवर शांत बसायचं असतं. पुण्यातलं बालगंधर्व आणि तालुक्याच्या गावातलं सभागृह यांत जमीन-अस्मानाचा फरक. दौऱ्यावर कुठे उजेड कमी-जास्त करणारे निम्मे डिमर बंद, कुठे दिवे टांगायच्या बारवर एकही दिवा धड नाही. तरी तुझ्या नाटकातली संध्याकाळ संध्याकाळच दिसली पाहिजे. ही जिद्द असेल तर ये. मला या कामाइतकं सुख दुसऱ्या कशात मिळालेलं नाही.

फिजिक्सचा उपयोग होतो, वाया गेलं असं समजू नकोस. किती वॅटचे दिवे एका फेजवर टाकायचे, कोणता लोड कुठे वाटायचा, एलईडीचा रंग जुन्या हॅलोजनच्या शेजारी का उघडा पडतो, हे ज्याला कळतं तो निस्तेज उजेडाचं कारण शोधू शकतो.

शिक्षण: सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं ललित कला केंद्र १९८७ पासून आहे, तिथे नाट्यशास्त्रात पदवी आणि पदव्युत्तर दोन्ही होतं. मुंबई विद्यापीठाची नाट्यकला अकादमी कलिना संकुलात. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाचा नाट्यशास्त्र विभाग जुना आहे आणि मराठवाड्यातली कितीतरी माणसं त्यातून पुढे आली. दिल्लीचं राष्ट्रीय नाट्य विद्यालय १९५९ सालचं, तीन वर्षांचं, विद्यार्थ्यांना विद्यावेतन मिळतं आणि तिथे रंगमंच तंत्र व दिग्दर्शनाकडेही जाता येतं. पदवी आणि नाटकांत काम केल्याचा अनुभव मागतात. तुझ्या एकांकिकांची प्रमाणपत्रं, माहितीपत्रकं, फोटो आतापासून जपून ठेव.

झाडीचा_पाखरू
सगळी चर्चा पुण्या-मुंबईची चालली आहे म्हणून लिहितो. मी गडचिरोली जिल्ह्यातला. आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते आणि झाडीपट्टीची नाटकं लागतात, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या चार जिल्ह्यांत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे त्याचं ठाणं. कंपन्यांची कार्यालयं तिथेच आहेत. गावातली मंडळं कंपनीकडून नाटक ठरवतात, प्रयोग रात्रभर चालतो, तिकीट काढून हजारो लोक शेतात उभारलेल्या मंडपात बसतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती याच रंगभूमीच्या कामासाठी.

सांगायचं कारण असं की इथे हंगामात रोज रात्री नवं गाव, नवा मंडप. लाईटवाला, पडदेवाला, ऑर्गनवाला, तबलेवाला सगळ्यांना काम असतं. हंगाम संपला की माणूस शेतीला लागतो. हेही करिअर आहे आणि ते कित्येक घरांनी पिढ्यान् पिढ्या केलं आहे.

प्रकाशवाट
@झाडीचा_पाखरू, मनापासून धन्यवाद. हे इथे यायलाच हवं होतं.

शब्दाधीन
थोडं अवांतर. मी एकांकिका लिहितो, एका ठिकाणी कथा ऐकवायला बोलावलंय. कथा चोरली जाईल अशी भीती वाटते. काय करावं?

रात्रपाळी
@शब्दाधीन, ऐकवण्याआधी पटकथालेखकांच्या संघटनेत, म्हणजे स्क्रीनरायटर्स असोसिएशनमध्ये, सभासद होऊन लिखाणाची नोंदणी करून घ्या. ऑनलाइन होते. ऐकवून आल्यावर त्याच दिवशी ईमेल पाठवा: आज अमुक कथा ऐकवली, सोबत सारांश जोडला आहे. करार झाला तर रॉयल्टीचं कलम वाचा. २०१२ च्या कॉपीराइट दुरुस्तीनंतर लेखक-गीतकारांचा रॉयल्टीतला वाटा सहजासहजी लिहून घेता येत नाही. यावर वेगळा धागा काढा, बरंच लिहिता येईल.

आवाजाच्या_मागे
मी ध्वनीच्या क्षेत्रात आहे, शिक्षण पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये. विंगेतलीने पार्श्वसंगीताचा उल्लेख केला म्हणून लिहिते.

इन्स्टिट्यूट १९६० साली प्रभात फिल्म कंपनीच्या जागेवर सुरू झाली. ध्वनिमुद्रण आणि ध्वनिरचना ही तीन वर्षांची शाखा आहे, पदवीनंतरची. या शाखेला बारावीला फिजिक्स असण्याची अट असते, म्हणजे तुझ्या पथ्यावरच आहे. कला दिग्दर्शनाच्या शाखेला चित्रकला, वास्तुशास्त्र अशी पार्श्वभूमी मागतात. त्या-त्या वर्षीचं माहितीपत्रक नीट वाच. कोलकात्याच्या सत्यजित राय संस्थेतही ध्वनीची शाखा आहे, ती संस्था १९९५ सालची. दोन्ही ठिकाणी जागा मोजक्या, देशभरातली मुलं बसतात. खासगी संस्थांची फी सरकारी संस्थांच्या कितीतरी पट असते. कर्ज काढून तिथे जाण्याआधी तिथल्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचार, शिकल्यावर पहिल्या दोन वर्षांत काय काम मिळालं.

तयारी पाठांतराने होत नाही. एखादा सिनेमा चित्र न बघता नुसता ऐक. कुठे शांतता ठेवली आहे, पंख्याचा आवाज कधी बंद झाला, रस्ता किती लांब आहे, हे कागदावर लिही. मोबाईलवर बाजार समितीतला सौद्याचा आवाज, घाटावरची पहाट, बाबांच्या आगारातला आवाज मुद्रित कर आणि दोन मिनिटांचा तुकडा बनव. मुलाखतीत असं काही हाताशी असेल तर बोलायला जागा मिळते.

ध्वनी म्हणजे एकच काम नाही. सेटवर बूम म्हणजे लांब दांडीचा माईक धरणं आणि कपड्याला लेपल माईक लावणं वेगळं, संवादांचं संपादन वेगळं, पावलांचे, कपड्यांचे, भांड्यांचे आवाज स्टुडिओत करणारे फोलीवाले वेगळे, शेवटचं मिक्सिंग करणारे वेगळे. सिनेमा नसेल तेव्हा डबिंग, जाहिराती, ऑडिओबुक यांचं काम चालू राहतं. लाईटच्या तुलनेत इथे घरी बसून करण्याजोगं काम अधिक आहे, हा एक फायदा.

रात्रपाळी
ताईंचं लेखन फार उपयोगी. पण एक वेगळं मत मांडतो. प्रवेश, तीन वर्षं आणि नंतर पुन्हा शून्यातून ओळखी जोडणं, यापेक्षा तीच वर्षं कामात घातली तर माणूस पुढे गेलेला असतो. माझ्या बरोबरीचे बहुतेक जण कुठल्याही संस्थेत न शिकता आलेत.

आवाजाच्या_मागे
मान्य आहे की काम करूनही शिकता येतं. पण सेटवर तुम्हाला एक काम देतात आणि ते बिनचूक करायला सांगतात. "हे का?" असं विचारायला तिथे कोणाला वेळ नसतो. इन्स्टिट्यूटमध्ये आम्ही एकच प्रसंग चार तऱ्हांनी करून बघितला, त्यातल्या तीन वाईट होत्या, आणि त्या वाईट का आहेत यावर दुपारभर बोललो. ती दुपार मला सेटवर कोणी दिली नसती. शिवाय मधला मार्गही आहे. नागराज मंजुळे यांनी नगरच्या न्यू आर्ट्स कॉलेजमध्ये संज्ञापनाचं शिक्षण घेतलं आणि विद्यार्थी असतानाच 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. जिल्ह्याच्या ठिकाणचं कॉलेज होतं ते.

निवृत्त_रोखपाल
दोघांचं वाचलं. मुलीच्या घरी आर्थिक पाठबळ किती यावर हे ठरेल असं वाटतं. शिष्यवृत्तीची माहिती कोणी देईल का?

आवाजाच्या_मागे
काका, आरक्षित प्रवर्गांसाठी राज्याच्या आणि केंद्राच्या शिष्यवृत्त्या लागू होतात का ते संस्थेच्या कार्यालयात लेखी विचारावं. घरच्या उत्पन्नाचा दाखला आणि जातीचा दाखला अर्जाच्या आधीच काढून ठेवावेत. ऐन वेळी तहसीलमध्ये फेऱ्या मारताना मुदत निघून जाते.

रंगपेटी
मी रंगभूषाकार, म्हणजे मेकअप करते. मुलगी म्हणून काय, यावर दोन गोष्टी. हिंदी सिनेमात कित्येक दशकं संघटनेच्या नियमामुळे बाईला मेकअप आर्टिस्टचं कार्ड मिळत नव्हतं, फक्त हेअरड्रेसरचं मिळे. चारू खुराना यांनी लढा दिला आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी उठवली. त्यामुळे "हे बायकांचं काम नाही" असं तुला शिडीकडे बघून कोणी म्हणालं तर तिथेच थांबू नकोस. लाईटच्या विभागात मुली अजून कमी आहेत, येत आहेत.

दुसरं, काम घेतानाच विचारायचं: पॅकअप रात्री झालं तर घरी सोडायला गाडी आहे का, दौऱ्यावर राहण्याची खोली कोणाबरोबर, कपडे बदलायची जागा आहे का. हे विचारल्याने कोणी काम काढून घेत नाही, आणि काढून घेतलंच तर ते जाऊ दे. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत तक्रार समिती असावी लागते. मोठ्या निर्मितीसंस्थेत तिच्या सदस्यांची नावं मागून घे.

नुकतीच_आले
मी अभिनयासाठी मुंबईत आले. धागा पडद्यामागचा आहे, पण वाचणाऱ्या मुलींसाठी लिहिते. ऑडिशनला पैसे लागत नाहीत. नोंदणी फी, कार्ड फी, "आमच्याच फोटोग्राफरकडून पोर्टफोलिओ" अशी मागणी झाली की निघून यायचं. माझ्याकडून एका कोऑर्डिनेटरने असेच पैसे घेतले आणि नंतर फोन उचलला नाही. खऱ्या कास्टिंगवाल्यांना नाव, वय, उंची सांगणारी, समोरून आणि दोन्ही बाजूंनी चेहरा दाखवणारी साधी क्लिप पुरते.

मांडवीकाठ
गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे गावोगावच्या देवळांत उत्सवाची नाटकं अजून होतात, आणि कला अकादमीच्या स्पर्धेमुळे लाईट-सेट करणाऱ्यांना वर्षातले काही महिने भरपूर काम असतं. महाराष्ट्रातली व्यावसायिक नाटकं दौऱ्यावर येतात तेव्हा आमची पोरं त्यांच्या बॅकस्टेजला हात लावायला जातात. ओळखी तशाच होतात. तुमच्या गावी दौरा आला की संध्याकाळी तिकीट काढून बघण्याआधी दुपारी मागच्या दाराने जा आणि सामान उतरवायला मदत करू का विचारा.

विंगेतली
सगळ्यांचे खूप खूप आभार. काल रात्री बाबांना शेजारी बसवून पूर्ण धागा वाचून दाखवला. नव्वद दिवसांच्या उधारीवर ते म्हणाले, "हे आधी सांगितलं हे बरं झालं." आगारातला आवाज मुद्रित करायची कल्पना त्यांना फार आवडली. मला रविवारी पहाटे घेऊन जाणार आहेत, पहिल्या गाड्या सुटतात तेव्हा.

माझं सध्या असं ठरतंय. पदवी पूर्ण करायची. दिवाळीनंतर राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी आमच्या भावे नाट्यमंदिरात असते, तिथे एखाद्या संघाबरोबर प्रकाशाला सहायक म्हणून उभी राहायचं. पदवीनंतर एक वर्ष घरी राहून शिकवण्या घेणार, त्यातून मुंबई-पुण्याचे पहिले चार महिने साठवणार, आणि त्याच वर्षी इन्स्टिट्यूटची ध्वनीची आणि ललित कला केंद्राची अशा दोन्ही प्रवेश परीक्षा देणार. बीएडचं आईला सांगितलंय की दोन्हीकडे झालं नाही तर बोलू. शनिवार-रविवारचं नाटक तेव्हाही करता येईल हे प्रकाशवाट दादांमुळे कळलं.

दादा, एक विनंती. आत्ताच्या एकांकिकेची क्यूशीट, म्हणजे कोणत्या वाक्याला कोणता उजेड याची यादी, मी वहीत माझ्या पद्धतीने लिहिली आहे. पाठवली तर बघाल का?

प्रकाशवाट
अवश्य पाठव, माझ्या विचारपुशीत निरोप टाक, पत्ता देतो. पाठवण्याआधी दोन गोष्टी बघ. क्यू कुठल्या वाक्यावर आहे ते लिहिलं असशील, पण त्या वाक्यातल्या कोणत्या शब्दावर तेही लिही. आणि उजेड बदलायला किती सेकंद घ्यायचे ते प्रत्येक क्यूसमोर हवं. उद्या तू आजारी पडलीस तर दुसऱ्याला ती वही बघून प्रयोग करता आला पाहिजे.

कृष्णाकाठ
माझ्या लेकीने हा धागा डाउनलोड करून घेतलाय. विंगेतली, तुम्ही स्पर्धेला उभ्या राहाल तेव्हा कळवा, आम्ही मिरजेत राहतो, दोघी येऊ. तिला तुमच्याबरोबर बोर्डजवळ बसायला मिळालं तर फार बरं होईल.